टाकीमागचा उतार

ताईच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला होता, पण त्याच नाकावर एखादी माशी येऊन बसली तर ताई श्वास रोखून धरत असे. माणसांना तिच्याकडे एवढी सवलत नव्हती. चष्म्याच्या दुकानात ती मागच्या खोलीत काचा घासायची. पुढे गिऱ्हाईक आरशात बघून फ्रेम निवडायचं, मालक गोड गोड बोलायचा, आणि मागे ताई डोळ्यात भिंग अडकवून काचेची कड मशीनवर धरायची, फ्रेमला लावून बघायची आणि पुन्हा घासायची. "चष्मा कधी मिळेल?" असं कुणी आत डोकावून विचारलं की "झाला की" एवढंच उत्तर मिळायचं. मालकाने तिच्यापुढे कधीच हात टेकले होते, कारण तिने बसवलेली काच निसटल्याची तक्रार कधी आली नव्हती.

दुकानामागची गल्ली ओलांडली की पाण्याची उंच टाकी होती आणि टाकीच्या पाठीमागे एक उतार. उघडाबोडका, टणक मातीचा, दिवसभर ऊन खात पडलेला. तिकडे कुणी ढुंकूनही बघत नसे, म्हणूनच ताई दुपारचा डबा तिथल्या बुटक्या भिंतीवर बसून खायची. अशीच एकदा जेवताना तिला समोरची माती हलल्यासारखी वाटली. वाकून बघितलं तर पेन्सिल जाईल एवढं एक भोक, आणि त्यातून एक करडी, केसाळ माशी डोकं बाहेर काढून बसलेली. तिच्या शेजारी दुसरी. जरा नजर बसल्यावर कळलं की सगळा उतारच बिळांनी भरलाय. त्या दिवशी ताईचा अर्धा डबा तसाच राहिला.

या मधमाश्यांच्याच जातीतल्या, पण मध देत नव्हत्या, पोळं बांधत नव्हत्या, त्यांच्यात राणी वगैरे भानगडही नव्हती. प्रत्येकीचं आपलं बीळ आणि आपला संसार. रस्त्याकडेची झाडं फुलली की त्या थोडे आठवडे बाहेर यायच्या, पायांना पराग थापून घरी न्यायच्या, त्याची गोळी वळून तिच्यावर अंडं घालायच्या, दार लिंपायच्या आणि मरून जायच्या. पोरं वर्षभर जमिनीखालच्या अंधारात वाढायची आणि पुढच्या फुलोऱ्याला त्याच मातीतून वर यायची. ताईने यातलं थोडंफार वाचलं होतं. बाकीचं तिने उतारावर पालथं पडून, डोळ्याला भिंग लावून बघितलं होतं. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, "काय हरवलं का हो बाई?" ताई म्हणायची, "सापडलंय. पुढे चला."

शहरभर हिंडून तिला अशी आणखी दोनच ठिकाणं सापडली होती. एक शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मालधक्क्यामागच्या बांधावर. दुसरं एका शाळेच्या आवारात. शाळेत ताईने मोठ्या हौसेने मुख्याध्यापकांना बिळं दाखवली, पोरांना दाखवा म्हणाली. कुणीतरी घरी जाऊन सांगितलं, पालकांनी शाळा डोक्यावर घेतली आणि आठवडाही झाला नसेल तोच फवारणीवाला येऊन काम उरकून गेला. ताई पोचली तेव्हा शिपाई मेलेल्या माश्या झाडूने सुपलीत भरत होता. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. माश्यांसाठी जगाशी भांडायचं, पण त्या राहतात कुठे हे कुणालाही सांगायचं नाही.

कुणालाही म्हणजे सख्ख्या भावालासुद्धा. हा धाकटा भाऊ नगरपालिकेच्या उद्यान खात्यात मोठा अधिकारी होता. ऑफिसात सगळे त्याला साहेब म्हणायचे. ताईच्या लेखी तो लंबू. आई गेली तेव्हा तो ताईच्या कमरेएवढा होता, ताईने त्याचे डबे भरले, शाळेचे गणवेश उसवून वाढवले, आणि बघता बघता तो तिच्या डोक्यावरून पुढे निघून गेला. आता तो निवृत्तीला आला होता, केस पिकले होते, पण ताईसमोर उभा राहिला की अजूनही एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायचा.

"लंबू, तुमच्या खात्याने ती औषधं मारणं कधी थांबवायचंय?"

"ताई, लोक तक्रारी करतात."

"मी पण करतेय की. माझी तक्रार कुठल्या टोपलीत टाकतोस?"

"बरं, तुझ्या माश्यांना पाहिजे तरी काय?"

"फुलं पाहिजेत. साधी, परागाची फुलं. तुम्ही लावता ती नुसती बघायची फुलं. माशी येते, हुंगते आणि उपाशी परत जाते."

"आणि असतात कुठे या?"

"असतात. टाकीपाशी फिरतात." ताई तिथेच थांबायची.

हे संभाषण वर्षानुवर्षं चाललं होतं. लंबूचे कान किटले होते आणि भावजय म्हणायची, "ताई, तुम्ही आलात की मी चहाबरोबर माश्यांचीच तयारी ठेवते." लंबू हसायचा, "बघू" म्हणायचा, आणि पुढे काहीतरी माशी शिंकायची. कधी वरिष्ठ बदलायचे, कधी रस्ता रुंद व्हायचा. त्याच्या मनात नव्हतं असं नाही. त्याच्या हातून ते होत नव्हतं, आणि हे त्याला आतून लागत होतं. ताईला ते कधी दिसलं नाही. दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर तिला काचेवरून कळायचे, भावाचं तोंड मात्र तिने कधी नीट वाचलं नव्हतं.

थंडीच्या सुरुवातीला ताई जिन्यावरून घसरली आणि पाय मोडून बसली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. सगळी थंडी तिने खिडकीत काढली. दर रविवारी लंबू डबा घेऊन यायचा, उशाशी बसायचा आणि उगाचच हसायचा. "काय झालं दात काढायला?" ताई विचारायची. "काही नाही. तू बरी हो लवकर. तुला एका ठिकाणी न्यायचंय." भावजयीला पोटात काही राहत नसे, पण तिनेही या वेळी ओठ घट्ट मिटले होते. "झोपेतसुद्धा तेच बडबडतात, ताई. पण मी बोलणार नाही. मला शपथ घातलीय."

थंडी सरली, झाडांना कळ्या धरल्या आणि ताई काठी टेकत एकदाची खाली उतरली. लंबूने तिला गाडीत बसवलं. टाकीचं टोक दिसू लागलं तसा तो म्हणाला, "डोळे मीट."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मीट गं, ताई. एकदा माझं ऐक."

ताईने डोळे मिटले. त्याने हात धरून तिला चार पावलं चालवलं आणि म्हणाला, "आता उघड."

उतार नव्हता. त्या जागी पायऱ्यापायऱ्यांची बाग होती. जाड काळी माती, तिच्यावर लाकडाच्या सालीचा लालसर थर, ओळीने लावलेली फुलझाडं, मधून फिरवलेल्या ठिबकच्या नळ्या, एक नवा बाक. आणि एक पाटी: 'माश्यांची बाग'. पाटीवर पिवळ्याकाळ्या पट्ट्यांची एक गुबगुबीत मधमाशी हसत होती.

"सगळी तू म्हणतेस तसली फुलं आहेत," लंबू म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "एकेक रोप शोधून आणलं. औषधाचा थेंब मारायचा नाही अशी ताकीद दिलीय. या ओसाड तुकड्यासाठी वरच्यांशी इतका भांडलो ना, ताई, की तू तिथे असतीस तर मला शाबासकी दिली असतीस. इथे काही उगवत नव्हतं बघ. काय कळा होती या जागेची!"

ताईने काठीने साल बाजूला सारली. खाली काळं कापड होतं.

"हे काय?"

"तण येऊ नये म्हणून. सगळीकडे अंथरलंय. खाली जमीन दाबून सपाट केली, वर कापड, कापडावर माती. पक्कं काम आहे. आणि थंडीभर पाणी तोडलं नाही, म्हणून तर झाडांनी एवढा जीव धरलाय."

ताईच्या तोंडापर्यंत शब्द आले होते. तिने भावाकडे बघितलं. शाळेतून पहिल्यांदा बक्षीस घेऊन आला होता तेव्हा हा असाच दारात उभा राहिला होता, आत न येता, ती आधी काय म्हणते याची वाट बघत. आता उन्हात त्याचे डोळे ओले झाले होते आणि ते लपवायचंही त्याला सुचत नव्हतं.

"छान केलंस," ताई म्हणाली.

"खरंच?"

"खरंच. खूप छान."

लंबूने तिला बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. जन्मभराचं ओझं उतरल्यासारखा तो सुटल्या जिभेने बोलत होता. मध्येच त्याने विचारलं, "आणखी कुठे असतात गं तुझ्या माश्या?"

ताईचं चित्त ठिकाणावर नव्हतं. कापडाखाली काय झालं असेल ते तिला डोळ्यांपुढे दिसत होतं, आणि त्या दिसण्यापासून पळायला मन एकाच जागेकडे धावत होतं. सगळं संपलेलं नाही, एक ठिकाण अजून आहे, असं ती स्वतःला सांगत होती. तेच तोंडातून बाहेर पडलं. "मालधक्क्यामागे," ती म्हणाली. "तिथल्या बांधावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच टाकीमागे गेली. दुकानातला कटर आणि स्क्रू पिळायचा बारीक पेचकस बरोबर नेला. कोपऱ्यात बसून, दुखरा पाय लांब पसरून, तिने साल सारली, माती उकरली आणि कापड कापलं. खालची माती थंड आणि चिकट झाली होती. ज्या उताराला पाण्याचा थेंब शिवला की तो घरंगळून जायचा, त्याला थंडीभर पाणी पाजलं होतं. एक ढेकूळ फोडल्यावर आत वाटाण्याएवढी खोली सापडली. पेचकसाच्या टोकाने तिने ती उघडली. आत काळी बुरशी होती. दुसऱ्या खोलीतही बुरशीच होती. तिसरीत माशी पुरती वाढलेली होती, पंख, केस, मिशा सगळं जिथल्या तिथे. ताईने तिला तळहातावर घेतलं, तर ती भिजल्या कागदासारखी बोटाला चिकटून आली.

ताई बराच वेळ फोडत राहिली. मग माती परत लोटली, साल नीट पसरली, आणि तिथेच बसून रडली. शाळेतल्या माश्या मेल्या तेव्हा तिला संताप आला होता, शिव्या द्यायला माणूस होता. इथे शिव्या द्यायच्या तर कुणाला?

भावाला सांगावं की नाही, हे तिने काचा घासता घासता सतरांदा मनात घोळवलं. सांगून काय हाती लागणार होतं? मेलेल्या काही परत येणार नव्हत्या. त्याची निवृत्ती तोंडावर आली होती. सगळ्या नोकरीत मनासारखं एक काम त्याने केलं, तेही बहिणीसाठी, आणि त्याच्याखाली स्मशान आहे हे त्याला ऐकवून आपण कोणतं पुण्य जोडणार? त्याचं तोंड एवढंसं होईल आणि तसंच राहील. ताईने मूग गिळले. चार लोकांना चार गोष्टी तोंडावर सुनावणारी बाई पहिल्यांदा कुणाचं मन राखायला गप्प बसली, आणि तिला वाटलं की या वयात आपल्याला थोडं शहाणपण आलं. पाय जरा चालायला लागला की मालधक्क्यावर जाऊन यायचं, तिथल्या बघून यायच्या, एवढं तिने ठरवून टाकलं.

झाडं पुरती फुलली. टाकीमागे काहीच वर आलं नाही. लंबूच्या निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी, दुपारी, तो दुकानात आला. थेट मागच्या खोलीत घुसला. बुटांना चिखल होता.

"मशीन बंद कर आणि चल."

"हातात काम आहे."

"ताई, परवापासून मी घरी बसणार. शेवटचं कामही संपवलं. चल, दाखवतो."

"काय दाखवतोस?"

तो दोन्ही पायांवर आलटून पालटून डोलला. "तू म्हणालीस ना मालधक्का? टाकीची बाग तुला एवढी आवडली, म्हटलं जाता जाता तेही करून टाकू. माती उरली होती, रोपं उरली होती, माणसं अजून माझ्या हाताखाली होती. कालच पुरं झालं."

ताईच्या हातातली काच मशीनच्या चाकावर कुरकुरली आणि तडकली. मालकाने पुढून विचारलं, "काय फुटलं?" ताईने काठी घेतली आणि मागच्या दाराने बाहेर पडली. लंबू तिच्यामागे धावला. त्याला वाटलं, हिला आनंद झाला.

गाडीत ती एकच बोलली, "लवकर." तो आपला रस्ताभर बोलत होता. बांध उभ्या चढाचा होता म्हणून रोलर चढला नाही, मग छोट्या मशीनने दाबून घेतलं, मुकादम कंटाळला होता पण साहेबांचं शेवटचं काम म्हणून त्याने मनापासून केलं.

मालधक्क्यामागे गाडी थांबली. तीच काळी माती, तीच लाल साल, ओळीत फुललेली झाडं. आणि सालीच्या वर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, हवा माश्यांनी भरलेली होती. शेकडो करड्या माश्या एकसारख्या घिरट्या घालत होत्या.

लंबू गाडीतून उडी मारून उतरला. "आल्या!" तो ओरडला. "ताई, बघ, आल्या! एका दिवसात! बघ किती आल्यात!"

ताई त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. "फुलावर एक तरी बसलीय का, बघ," ती म्हणाली.

त्याने बघितलं. झाडांवर एकही माशी नव्हती. सगळ्या खाली सालीवर उतरत होत्या, चार पावलं चालत होत्या, फटीत डोकं घालत होत्या आणि पुन्हा उडत होत्या. त्यांचे मागचे पाय परागाने पिवळेजर्द झाले होते.

"काय करतायत या?"

"घर शोधतायत."

"कुठलं घर?"

मग ताईने सांगितलं. जे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं, बिळं, गोळ्या, पोरं, शाळा, उभ्याउभ्याच सांगितलं. लंबू ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ती थांबली तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे टाकीमागे..."

"टाकीमागे पण."

"सगळ्या?"

"मी उकरून बघितलं. सगळ्या."

"कधी बघितलंस?"

"तू दाखवलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी."

लंबूच्या आवाजात राग असता तर ताईला बरं वाटलं असतं. "मग मला का नाही बोललीस?" त्याने विचारलं. "मी हे कशासाठी केलं? तू छान म्हणालीस म्हणून केलं ना, ताई."

"तुला वाईट वाटेल म्हणून," ताई कशीबशी म्हणाली, आणि ते ऐकून तिचं तिलाच ते इतकं क्षुद्र वाटलं की तिने मान खाली घातली.

लंबू गुडघ्यांवर बसला. त्याने दोन्ही हातांनी साल फेकायला सुरुवात केली, रोपं उपटून मागे टाकली, कापडाची कड पकडून ओढली. ताईनेही काठी टाकली आणि जमेल तशी बसली. दोघांनी मिळून हातभर जागा मोकळी केली. खालची जमीन फरशीसारखी गुळगुळीत दाबलेली होती. एक माशी त्यावर उतरली, इकडून तिकडे चालली, एका जागी थांबून पायांनी खरवडू लागली. लंबूने श्वास रोखला. माशीने पुष्कळ वेळ खरवडलं, मग ती उडाली आणि पुन्हा सालीवर जाऊन फिरू लागली.

"दुसरीकडे नाही का खणणार?"

"खणेलही एखाददुसरी. पण दिवस थोडे उरलेत त्यांचे. आणि या शहरात मऊ नाही, दाबलेली नाही, झाकलेली नाही अशी जमीन कुठे ठेवलीय आपण?"

ऊन उतरलं तशी हवा गार झाली. माश्यांच्या घिरट्या मंदावल्या. एकेक करून त्या सालीच्या तुकड्यांवर, कापडाच्या दुमडीत, रोपांच्या बुंध्याशी बसत गेल्या, पराग तसाच पायांना घेऊन. काही लंबूच्या बाहीवरही बसल्या. त्याने हात हलवणं बंद केलं.

"उघड्यावर रात्र काढतील?" तो हळूच म्हणाला. "उद्या असतील ना गं?"

पूर्वी तापात फणफणलेला असताना तो असंच काहीबाही विचारायचा आणि ताई हो म्हणायची. आताही त्याला तेवढंच हवं होतं.

"थोड्या असतील," ताई म्हणाली. "परवा नसतील. आणि पुढच्या वर्षी कुणीच नसेल."

त्याने मान हलवली. बाहीवरच्या माश्या उडू नयेत म्हणून तो हात तसाच आखडून धरून दुसऱ्या हाताने साल बाजूला सारत राहिला, आणि ताईने त्याला पुरे म्हटलं नाही.